यंत्राला पत्ता कोण देतो?

मंडळी, आपल्या वाचनालयाच्या भिंतीवर एक पांढरी पेटी लावली आहे. तिला दोन शिंगे आहेत. तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकतात. या पेटीला राऊटर म्हणतात. तुम्ही उंबरा ओलांडून आत आलात, की तुमच्या खिशातला मोबाईल या पेटीशी बोलू लागतो. तुमच्या कानाला काही ऐकू येत नाही. पण बोलणे होते, सौदा ठरतो आणि मोबाईलला एक नंबर मिळतो. मग नेट चालू होते.

हा नंबर कसा मिळतो, ते आज वाचू.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, त्या नंबराशी आम्हाला काय करायचं? नेट चाललं म्हणजे झालं." मीही असेच म्हणत होतो. मी दहावी शिकलेला मास्तर. जन्मभर पोरांना पाढे शिकवले. संगणक गावात आला तेव्हा माझे केस पिकले होते. पण २०२२ सालच्या जुलै महिन्यात असा एक दिवस आला, की या नंबरापायी एका बाईचे पीक विम्यावाचून राहण्याची वेळ आली. त्यात निम्मी चूक माझी होती. ती हकिकत पुढे सांगतो. आधी नंबर म्हणजे काय, ते समजून घेऊ.

पत्र टाकताना आपण त्यावर पत्ता लिहितो. ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता आणि आपलाही पत्ता. आपला पत्ता नसेल तर उत्तर कुठे येणार? नेटवरही तसेच आहे. तुम्ही मोबाईलवर बाजारभाव विचारला. ते विचारणे म्हणजे एक पत्र. भाव आला, ते उत्तराचे पत्र. वाचनालयात वीस माणसे बसली आहेत. वीस मोबाईल आहेत. आलेले उत्तर कोणत्या मोबाईलला द्यायचे, हे पेटीला कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक यंत्राला वेगळा नंबर लागतो. त्याला आयपी नंबर किंवा आयपी पत्ता म्हणतात.

तो असा दिसतो:

१९२.१६८.१.१०५

मोठ्याने वाचा. एकशे ब्याण्णव, ठिपका, एकशे अडुसष्ट, ठिपका, एक, ठिपका, एकशे पाच. चार आकडे आणि मधे तीन ठिपके. प्रत्येक आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत कोणताही असू शकतो. त्यापुढे जात नाही. पडद्यावर हे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. आपण मागच्या पाठात ते वळण गिरवले आहे. ज्यांचे राहिले असेल, त्यांनी आधी ते गिरवावे आणि मग पुढे यावे.

हा चार आकड्यांचा नियम १९८१ साली ठरला. आपल्या वाचनालयातल्या सगळ्या यंत्रांचे पहिले तीन आकडे सारखेच आहेत. शेवटचा तेवढा बदलतो. पहिले तीन म्हणजे जणू आळीचे नाव आणि शेवटचा म्हणजे घराचा नंबर.

आता एक गंमत. शेजारच्या गावातल्या वाचनालयातही १९२.१६८.१.१०५ हाच नंबर एखाद्या मोबाईलला मिळालेला असेल. त्याने गोंधळ होत नाही. घर नंबर पाच आपल्या गावात आहे आणि त्यांच्याही गावात आहे. त्यावरून कधी भांडण झाले आहे का? हे नंबर घरातल्या घरात वापरण्याचे आहेत. १९९४ साली काही नंबर अशा कामाला मुद्दाम बाजूला काढून ठेवले. बाहेरच्या जगाशी बोलताना पेटी स्वतःचा बाहेरचा नंबर वापरते आणि आलेली उत्तरे आत वाटून देते.

नंबराखेरीज यंत्राला आणखी एक खूण असते. ती कारखान्यातच उमटवलेली असते. बारा चिन्हे असतात, काही आकडे आणि काही इंग्रजी अक्षरे. आपल्याकडच्या जुन्या बायांच्या हातावर गोंदण असते ना, तसेच हे यंत्राचे गोंदण. बाई माहेरी असो, सासरी असो की यात्रेत असो, गोंदण तेच. (नव्या मोबाईलांत हे गोंदण झाकून दुसरेच दाखवण्याची सोय असते. कोणी माग काढू नये म्हणून ती केली आहे. तो विषय वेगळा.)

मग कोणी विचारील, गोंदण आहे तर नंबर कशाला? नीट विचार करा. गोंदणावरून माणूस कोण ते कळते. तो आत्ता कुठे उतरला आहे ते कळत नाही. पोस्टमनला दुसरी गोष्ट हवी असते.

पूर्वी हे नंबर हाताने द्यावे लागत. कचेरीत शंभर संगणक असले, तर एका माणसाने वही घेऊन फिरायचे. या संगणकात एक नंबर भरायचा, त्यात दुसरा भरायचा, वहीत टिपून ठेवायचे. वही हरवली की सगळा कारभार बुडाला. एखादा संगणक या खोलीतून त्या इमारतीत नेला, की नंबर पुन्हा भरायचा. आणि चुकून दोघांना एकच नंबर दिला, तर दोघांचेही काम बंद. १९८५ साली थोडी सुधारणा झाली. यंत्र सुरू होताना स्वतः विचारू लागले, "माझा नंबर कोणता?" पण उत्तर देणारे यंत्र हाताने लिहिलेल्या यादीत बघून सांगे. यादीत गोंदण नसेल, तर उत्तर नाही. शिवाय एकदा दिलेला नंबर कायमचा त्याचाच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात बकनेल नावाचे विद्यापीठ आहे. तिथले राल्फ ड्रोम्स यांनी १९९३ साली नवी रीत लिहून प्रसिद्ध केली. पुष्कळ जणांनी मिळून ती घडवली होती. १९९७ साली ती सुधारून पुन्हा लिहिली. तीच रीत आज आपल्या भिंतीवरच्या पेटीत चालते. तिचे नाव डीएचसीपी. नाव अवघड आहे. पाठ नाही झाले तरी चालेल. त्यातली युक्ती लक्षात ठेवा. ती एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे मुदत.

मुदत कशी, ते पंढरपूरच्या वाटेने समजावतो.

आषाढीला तुम्ही पंढरपुरात पोचला आहात. रात्र झाली आहे. ओळखीचे कोणी नाही. कुठल्या धर्मशाळेत जागा आहे ते ठाऊक नाही. दार कोणते ठोठवावे, तेही ठाऊक नाही. अशा वेळी माणूस काय करतो? गल्लीत उभा राहून मोठ्याने विचारतो, "अहो, कोणी उतरायला जागा देईल का?" हाक सगळ्यांनाच ऐकू जाते. ज्यांचा संबंध नाही ते गप्प राहतात.

दोन धर्मशाळांतून उत्तर येते. एक म्हणते, "माझ्याकडे सात नंबरची खोली आहे, तीन दिवस." दुसरी म्हणते, "माझ्याकडे बारा नंबर आहे, दोन दिवस." दोघांनी ती खोली तुमच्यापुरती राखून ठेवली आहे. अजून दिलेली नाही.

तुम्ही पुन्हा मोठ्याने सांगता, "मी पहिल्या धर्मशाळेची सात नंबरची खोली घेतो." हे मोठ्याने का सांगायचे? दुसऱ्यालाही ऐकू जावे म्हणून. तो आपली बारा नंबरची खोली मोकळी करतो आणि पुढच्या वारकऱ्याला देतो.

मग पहिल्या धर्मशाळेचा माणूस वहीत लिहितो आणि म्हणतो, "ठीक. सात नंबर तुमची. तीन दिवस."

एवढ्या चार बोलण्यांत काम झाले. हाक, देकार, मागणी, होकार. तुमचा मोबाईल वाचनालयात शिरल्यावर पेटीशी हेच चार शब्द बोलतो. त्याला अजून नंबर नसतो, म्हणून तो हाक मारताना आपला नंबर शून्य, शून्य, शून्य, शून्य असा सांगतो आणि सोबत आपले गोंदण दाखवतो. हाक सगळ्यांच्या नावे असते. पेटी ऐकते, वहीत बघते, रिकामा नंबर पुढे करते. हे सारे बहुधा तुमची चप्पल काढून होते न होते तोच आटोपते.

धर्मशाळेचा माणूस नुसता खोलीचा नंबर सांगून थांबत नाही. तो आणखी तीन गोष्टी सांगतो. वाडा कुठून कुठपर्यंत आहे, म्हणजे आतले कोण आणि बाहेरचे कोण ते कळावे. बाहेर जाण्याचा दरवाजा कोणता. आणि गावातला सगळ्यांची नावे जाणणारा माणूस कुठे बसतो. पेटीही मोबाईलला या तीन गोष्टी सांगते. तिसरी गोष्ट जरा उलगडून सांगतो. आपण नेटवर नावे लिहितो, पण यंत्राला हवा असतो नंबर. अमुक नावाचा नंबर कोणता, हे सांगणारे वेगळे यंत्र असते. ते ठाऊक नसेल तर नेट असून नसल्यासारखे होते.

आता मुदत. तीन दिवसांनी खोली सोडायची. पण तुम्हाला राहायचे असेल तर? शहाणा वारकरी शेवटच्या घटकेपर्यंत थांबत नाही. निम्मी मुदत झाली, की जाऊन म्हणतो, "मला पुढे राहायचे आहे, मुदत वाढवा." मोबाईलही तेच करतो. निम्मी मुदत सरली की पेटीला विचारतो. पेटी हो म्हणाली की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. पेटी बोललीच नाही, तर तो वाट पाहतो. मुदतीचे आठ भाग केले, तर सात भाग सरल्यावर तो सगळ्यांनाच विचारतो, "दुसरे कोणी वाढवून देता का?" कोणीच दिली नाही आणि मुदत संपली, तर नंबर सोडायचा आणि पुन्हा गल्लीत उभे राहून हाक मारायची.

आणि एखादा वारकरी न सांगताच निघून गेला तर? धर्मशाळेला काय कळणार? वहीत खोली भरलेली दिसते. मुदत संपेपर्यंत ती कोणाला देता येत नाही. हे वाक्य नीट ध्यानात ठेवा, कारण आमची फजिती इथेच झाली.

त्या वर्षी खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. शेतकऱ्याला आपला अर्ज नेटवर स्वतःही भरता येतो. आपल्या वाचनालयात एक संगणक होता आणि एक हुशार पोरगा तो चालवत होता. पहाटेपासून रांग लागली. हातात सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, पेऱ्याचा कागद. एकेका अर्जाला अर्धा तास लागे. नोंदणीचा आकडा मोबाईलवर यायचा, तो बघून सांगायचा. रांग हलेना. तेव्हा मी एक लॅपटॉप मागून आणला. म्हटले, दोन यंत्रे चालली तर काम दुप्पट होईल.

लॅपटॉप उघडला. वायफायची खूण आली. पण नेट काही लागेना. बंद केला, पुन्हा चालू केला. तेच. रांगेत ज्यांचा नंबर होता त्या काकू समोर बसल्या होत्या. दोन एकर सोयाबीन. घरी करणारे दुसरे कोणी नाही. त्या आपल्याच साक्षरता वर्गात येत होत्या आणि तेव्हा त्यांचे आकडे नुकतेच पक्के झाले होते.

पोरगा म्हणाला, "गुरुजी, वायफाय तर दिसतंय. मग नेट का येत नाही?"

मी शहरातल्या एका ओळखीच्याला फोन लावला. तो घाईत होता. म्हणाला, "नंबर हाताने भरा. १९२.१६८.१.१२० टाका, चालेल." मी भरला आणि काय सांगू, नेट लागले! मला वाटले, मी मोठा पंडित. काकूंचा अर्ज सुरू झाला. नाव झाले, गट नंबर झाला, बँकेचे खाते निम्मे झाले आणि नेट गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले. भरलेले सगळे पुसले. तिकडे दाराशी एक तरुण ओरडू लागला, "माझा मोबाईल आत्ता चालत होता, आता काय झालं?"

काय झाले होते ते मला नंतर कळले. एकशे वीस हा नंबर पेटीने सकाळीच त्या तरुणाच्या मोबाईलला दिलेला होता. मी नंबर भरला तेव्हा तो चहाला बाहेर गेला होता. त्याची खोली रिकामी दिसली म्हणून मी त्यात माझे गाठोडे टाकले. तो परत आला. आता एका खोलीत दोन बिऱ्हाडे. उत्तराचे पत्र कधी त्याला जाई, कधी लॅपटॉपला. दोघांचेही धड नाही. पेटीला मी विचारलेच नव्हते, म्हणून तिच्या वहीत माझी नोंद नव्हती. ही माझी चूक.

मी हाताने भरलेला नंबर काढून टाकला. लॅपटॉपला पुन्हा आपोआप नंबर घेण्यावर ठेवले. नेट पुन्हा बंद. दुपारचे चार वाजले. काकू उठल्या नाहीत. जागा सोडली तर रांगेत शेवटी जावे लागेल. पोरग्याने लॅपटॉपवर नंबर दाखवणारे पान उघडून ठेवले होते. काकू त्याकडे टक लावून बघत होत्या. मग वळून शेजारच्या संगणकाकडे बघितले. त्याच्या नंबराची चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवलेली होती.

"गुरुजी," काकू म्हणाल्या, "ह्यो आकडा त्या आकड्यावानी न्हाई. तिथं एकशे ब्याण्णव हाय. हितं एकशे एकोणसत्तर हाय."

मी चष्मा पुसून बघितले. खरेच. लॅपटॉपचा नंबर १६९.२५४ असा सुरू होत होता. पुढे दोन आकडे भलतेच. मी तो सकाळपासून चार वेळा पाहिला असेन, पण वाचला नव्हता.

पोरग्याचा एक मित्र पुण्यात हेच काम करतो. त्याला फोन लावून मी आकडा वाचून दाखवला. तो लगेच म्हणाला, "गुरुजी, हा नंबर पेटीने दिलेला नाही. यंत्राने हाक मारली, कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं आपल्या मनानंच एक नंबर घेतलाय. १६९.२५४ दिसलं की समजायचं, यंत्र उपाशी आहे. पेटीकडे नंबर किती आहेत आणि मुदत किती, ते बघा."

पोरग्याने पेटीचे पान उघडले. शंभरपासून एकशे एकोणपन्नासपर्यंत नंबर वाटायला ठेवले होते. किती झाले? वजाबाकी करून एकोणपन्नास म्हणाल, तर चुकाल. शंभरावा पहिला नंबरही मोजायचा. पन्नास झाले. पन्नासच्या पन्नास वाटले गेले होते! आणि मुदत? सात दिवस. पेटी बसवणाऱ्याने तशी ठेवली होती. आम्ही कोणी कधी पाहिली नव्हती. तीन दिवस सगळा गाव रांगेत येत होता. भिंतीवर वायफायचा परवलीचा शब्द आम्हीच मोठ्या अक्षरांत लिहिलेला. जो तो मोबाईल जोडी, नंबर घेई आणि घरी जाई. मोबाईल घरी, माणूस शेतात, पण वहीत खोली भरलेली. सात दिवस तशीच. काकूंच्या लॅपटॉपने हाक मारली तेव्हा द्यायला एकही नंबर उरला नव्हता.

पुण्याच्या पोरग्याने सांगितले तसे केले. नंबर पन्नासपासून दोनशे एकोणपन्नासपर्यंत वाढवले. ते दोनशे झाले, मोजून बघा. मुदत सात दिवसांची दोन तास केली. म्हणजे माणूस घरी गेला, की दोन तासांत त्याची खोली मोकळी होईल. जो इथेच बसला आहे त्याचे काही बिघडत नाही. त्याचा मोबाईल तासाने मुदत वाढवून घेतो. शेवटी पेटी बंद करून पुन्हा चालू केली, कारण आमच्या पेटीची वही वीज गेली की कोरी होते. त्यासाठी दोन मिनिटे सगळ्यांचेच नेट बंद झाले. पहिल्या संगणकावर एका आबांचा अर्ज अर्धा झाला होता. आबांनी मला चांगलेच फैलावर घेतले. मी ऐकून घेतले. त्यांचे बरोबर होते. आधी त्यांचा अर्ज पुरा होऊ द्यायला हवा होता.

दिवे हिरवे झाले. लॅपटॉपने हाक मारली. काकूंनी पडद्यावर बोट ठेवून वाचले, "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, त्रेपन्न." अर्ज पहिल्यापासून भरला. साडेसहाला पावती छापून निघाली. काकूंनी ती सातबाराच्या पिशवीत घडी करून ठेवली. रात्री साडेनऊपर्यंत दोन्ही यंत्रे चालली. रांग संपली, तेव्हाच आम्ही उठलो.

कोणी म्हणेल, मग मुदत दहा मिनिटांचीच का ठेवू नये? ठेवता येते. पण मग सगळी यंत्रे दर पाच मिनिटांनी मुदत मागत बसतील आणि पेटी थोडा वेळ बंद पडली, तरी सगळ्यांचे नंबर सुटतील. जिथे माणसे येतात-जातात, तिथे मुदत थोडी. घरी तेच चार मोबाईल रोजचे असतील, तर एक दिवसाची मुदत ठीक. हे माझे मत आहे.

प्रिंटरचे काय? प्रिंटरचा नंबर बदलला, तर संगणकाला तो सापडत नाही आणि कागद निघत नाही. म्हणून त्याला एकच नंबर कायम हवा. त्यासाठी पेटीत सोय असते. प्रिंटरचे गोंदण पेटीत लिहून ठेवायचे आणि सांगायचे, हे गोंदण आले की हाच नंबर द्यायचा, दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. धर्मशाळेत एखादी खोली दिंडीच्या मानकऱ्यासाठी राखलेली असते, तसे हे आहे. आम्ही प्रिंटरला दहा नंबर राखून दिला. हाताने नंबर भरायचीच वेळ आली, तर वाटायच्या नंबरांच्या बाहेरचा भरावा आणि तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे बघून घ्यावे. मी त्या दिवशी वाटायच्या नंबरांतलाच भरला होता.

एका धोक्याबद्दल सांगतो. मघाशी म्हटले, की वारकरी गल्लीत हाक मारतो आणि जो उत्तर देईल त्याच्या मागे जातो. तो उत्तर देणारा खरोखर धर्मशाळेचा आहे की नाही, हे त्याला कळत नाही. मोबाईलचेही तसेच आहे. कोणी घरची जुनी पेटी आणून आपल्या तारेला जोडली, तर तीही हाकेला उत्तर देऊ लागते आणि चुकीचे नंबर वाटते. निम्म्यांचे नेट बंद पडते आणि कारण सापडत नाही. हे अजाणता होते. पण कोणी जाणूनबुजून केले, तर तो चुकीचा दरवाजा दाखवू शकतो आणि तुमचे जाणे-येणे आपल्या हाताखालून नेऊ शकतो. म्हणून बसस्टँडवर किंवा कुठेही अनोळखी वायफायवर बँकेचे काम करू नका. आणि वाचनालयाच्या पेटीला विचारल्याशिवाय काही जोडू नका.

चार आकड्यांचे नंबर सगळ्या जगात मिळून ४२९ कोटींच्या थोडे वर होतात. सुरुवातीला ते पुष्कळ वाटले. मग माणशी एक मोबाईल झाला. ३ फेब्रुवारी २०११ या दिवशी जगाच्या मुख्य कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. काटकसर त्याच्या आधीपासूनच चालू आहे. एका बाहेरच्या नंबरामागे सगळे घर राहते, ती काटकसरच. आता खूप लांब नंबरांची नवी रीत आली आहे. त्यात नंबर संपण्याची भीती नाही. तिच्यात पेटी नुसते आळीचे नाव पुकारते आणि यंत्र आपला घर नंबर बहुधा स्वतःच ठरवते. पुष्कळ मोबाईल दोन्ही रीती एकदम वापरतात. सिमकार्डाच्या नेटला नंबर देण्याची रीत कंपनीची वेगळी असते, तिला आपली पेटी लागत नाही.

आता मोबाईल बाहेर काढा. वाचनालयाचे वायफाय जोडा. सेटिंग उघडा, त्यात वायफाय, त्यात आपल्या वाचनालयाचे नाव. त्यावर बोट दाबले की एक पान येते. कोणाच्या मोबाईलवर थोडे खाली जावे लागेल. तिथे चार आकडे आणि तीन ठिपके दिसतील. ते वहीत लिहा. शेजाऱ्याचा शेवटचा आकडा वेगळा आहे का, ते बघा. पहिले तीन सारखे आहेत का, तेही बघा. उद्या येऊन पुन्हा बघा. तोच असेल किंवा बदललेला असेल. बदलला तर घाबरू नका, मुदत संपली असेल.

पहिला आकडा १६९ आणि दुसरा २५४ दिसला, तर वायफाय एकदा बंद करून पुन्हा जोडा. तरी तसेच राहिले, तर पोरग्याला हाक मारा आणि आकडा वाचून दाखवा. काकू दर सोमवारी येतात. तो नसला तर त्यांना विचारा. पेटीच्या पानावर किती नंबर वाटले गेले, हे आता त्याच बघून वहीत लिहितात.